सात आठवड्यांची शेजारीण

५ जून

वहिनी,

फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानेच रचतेस, म्हणून हे पत्र. शिवाय बातमी अशी आहे की ती पुन्हा पुन्हा वाचता यायला हवी. माझं पुस्तक निघतंय!

हसू नकोस. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं लिहिली, आता साठी उलटल्यावर स्वतःचं. एका प्रकाशिकेला कुठल्याशा वाचनालयात आपल्या साप्ताहिकाचे जुने अंक सापडले. त्यातलं ‘शेजारीण’ हे सदर तिने वाचलं आणि ते लिहिणारी बाई अजून आहे का, याचा तपास करत ती थेट माझ्या दारात आली. अठरा वर्षांतले नऊशेच्या वर लेख. त्यातले चाळीस निवडायचेत. गेले दहा दिवस मी जमिनीवर कात्रणं पसरून बसले आहे आणि पाय ठेवायला जागा नाही म्हणून भिंतीला धरून चालते आहे.

एकेक कात्रण हातात घेतलं की तुमच्या त्या दोन खोल्या समोर उभ्या राहतात. तुझ्या शिलाई मशीनवर फळी टाकून केलेलं माझं टेबल. तू शिवायला बसलीस की मी कागद गोळा करून उठायचं, मी लिहायला बसले की तू कापडं गुंडाळायचीस. काय काय लिहिलं गं त्या फळीवर! पाण्याच्या पंपाची माहितीपत्रकं, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, एका दातांच्या डॉक्टरचं आत्मचरित्र. पहिला दात उपटायला त्यांनी बारा प्रकरणं घेतली होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं होतं, ‘स्वतंत्र लेखिका म्हणजे नक्की काय?’ आणि मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला होता, ‘म्हणजे नोकरी नाही, पण सुट्टीही नाही.’

आता मुद्द्याचं. मला टायफॉईड झाला होता, आठवतं? सात आठवडे मी दवाखान्यात, पण सदर एकदाही चुकलं नाही. तुम्ही कोणी बोलला नाहीत तरी मला माहीत होतं की ते दादाने चालवलं. कचेरीत टंकलेखक, बोलण्यात मिश्कील, आणि पाकिटं संपादकांच्या हातात तोच नेऊन द्यायचा. मी एकदा विचारलं तर हसून म्हणाला, ‘घरच्या घरी झालं, झालं!’ आता तो जाऊन तीन वर्षं झाली. ते सात लेख मी पुस्तकात त्याच्या नावाने छापणार आहे. त्याचा एक बरा फोटो पाठव आणि त्याच्या हातचे कच्चे कागद कुठे सापडले तर तेही.

तुझी
बोरू


१४ जून

प्रिय बोरू,

पत्र शेजारणीकडून मोठ्याने वाचून घेतलं, मग स्वतः वाचलं. पुस्तकाचं ऐकून फार आनंद झाला. तुला ‘बोरू’ नाव ह्यांनीच ठेवलं होतं, सारखी कागदावर खरखर करत असतेस म्हणून. आज असते तर दारोदार सांगत फिरले असते.

मलाही सगळं आठवतं. लिहिताना तू स्वयंपाकघर ते खिडकी अशा फेऱ्या मारायचीस आणि प्रत्येक वाक्य मला ऐकवायचीस. पंपाच्या पत्रकातलं ‘प्रथम झडप सावकाश उघडावी’ हे वाक्य तू चौदा वेळा बदललंस. एवढं करून छापताना त्यांनी ते गाळलं, तेव्हा तू जेवली नव्हतीस.

फोटो सोबत आहे, कचेरीतला. कच्चे कागद नाहीत.

आता माझं ऐक. ते सात लेख पुस्तकात घेऊ नकोस. घाईघाईने वेळ मारून नेलेली होती. नऊशेतून चाळीस निवडायचे, तर त्या सातांवाचून तुझं काय अडलंय? आणि ह्यांचं नाव तर अजिबात घालू नकोस. ह्यांना ते आवडलं नसतं.

तब्येतीला जप. जमिनीवर बसून गुडघ्यांची वाट लावू नकोस.

वहिनी


२२ जून

वहिनी,

फोटो मिळाला. दादा किती तरुण दिसतो गं! आपण सगळेच तेव्हा तसे होतो, पण कोणी सांगितलं नाही.

बाकी पत्राचं मला वाईट वाटलं, आणि ते लपवत नाही. दादाचं कौतुक व्हायला निघालं तर तू आडवी का येतेस? जन्मभर दुसऱ्यांची पत्रं टाइप करत राहिलेला माणूस. त्याच्या नावावर सात लेख लागले तर कुणाचं काय जातं? ‘वेळ मारून नेलेली’ म्हणतेस. तू ते लेख शेवटचे कधी वाचलेस? मी परवा वाचले. माझे त्यांच्या मागचे-पुढचे लेख त्यांच्याशेजारी ठेवले तर पाट्या टाकल्यासारखे वाटतात. स्वतःविषयी असं लिहिणं सोपं नाही, पण खरं आहे.

प्रकाशिकेचंही तेच मत. तिला सगळ्या गठ्ठ्यात सर्वांत आवडलेला लेख कोणता, तर ‘चादरीची घडी’. दोन बायका चादरीची चार टोकं धरून उभ्या आहेत. सासू आणि नवी सून. घडी घालायला एकमेकींकडे चालत येतात, टोकं एकमेकींच्या हातात देतात, पुन्हा लांब जातात. तोंडाने अवाक्षर नाही. तिसऱ्या घडीला सासूची बोटं सुनेच्या बोटांवर क्षणभर थांबतात, एवढंच. प्रकाशिका वाचता वाचता म्हणाली, ‘हे पुरुषाने लिहिलेलं वाटत नाही.’ मी तिला जरा चढ्या आवाजातच सांगितलं की माझा भाऊ तसा हळवा होता.

तर मी ते सात घेणार. दादाच्या नावाने घेणार. तुला पटो न पटो.

बोरू


१ जुलै

प्रिय बोरू,

तुझ्या दादाने जन्मात कधी चादरीचं टोक धरलं नाही. त्यांना स्वतःच्या रुमालाची घडी यायची नाही.

ते लेख मी लिहिले. सातही.

आता लिहायला बसलेच आहे तर सगळं सांगते. तुला दवाखान्यात नेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी तू तापात सारखी एकच गोष्ट बोलत होतीस. ‘सदर बंद पडेल. माझी काय तिथे खुर्ची आहे? एक आठवडा जागा रिकामी दिसली की दुसरं कोणी येऊन बसेल.’ डॉक्टर म्हणाले, हिला काळजी करू देऊ नका. हे घरी येऊन डोकं धरून बसले. पंपाबद्दल लिहायचं असतं तर त्यांनी लिहिलं असतं, पण हे काही जमेना. मी कपडे वाळत घालत होते. म्हटलं, मी सांगते, तुम्ही लिहा. दोन ओळी झाल्या आणि त्यांची पेन्सिल थांबली. म्हणाले, ‘अगं, मी मध्ये कशाला? तूच लिही.’ मग मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायची आणि हे कचेरीत जेवणाच्या सुट्टीत टाइप करून संपादकांना द्यायचे. संपादक समजत होते की तू खाटेवरून मजकूर सांगतेस.

त्या सात आठवड्यांत मी स्वयंपाक काय केला, मला आठवत नाही. भाजी चिरताना वाक्यं सुचायची. हात पुसून लिहून यायची आणि परत यायची तोवर कढई करपलेली. हे करपलेलं निमूट खायचे. बोरू, खोटं का बोलू? तू आजारी होतीस, आणि मी सुखात होते. याची मला फार लाज वाटायची.

तू घरी आलीस तेव्हा निम्मी झाली होतीस. वाचकांची पत्रं हातात घेऊन म्हणालीस, ‘माझ्यावाचून इतकं चांगलं चाललं?’ आणि तुझा चेहरा पडला. भावाने केलं असं तू धरून चाललीस, तेव्हा तुला धीर आला. तो काही तुझी जागा घेणार नव्हता. मी ह्यांना शपथ घातली. त्यांना ती जड गेली, पण पाळली.

म्हणून म्हणत होते, त्यांचं नाव नको. न केलेल्या गोष्टीचं कौतुक त्यांना कधी सहन झालं नाही.

वहिनी


६ जुलै

माझ्या लबाड वहिनी,

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पत्र वाचलं आणि तशीच चप्पल घालून बाहेर पडले. चार रस्ते उगाच चालले. एका बाकावर बसून पुन्हा वाचलं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, ‘काही वाईट बातमी?’ मी म्हटलं, ‘नाही हो, माझी वहिनी लेखिका निघाली.’ ते म्हणाले, ‘होतं असं कधी कधी.’

प्रकाशिकेला फोन केला. ती टाळ्या वाजवत होती. वाजवणारच, तिचंच म्हणणं खरं ठरलं ना!

आता लाज कसली? मला तर कल्पना करूनच बरं वाटतंय की मी तिकडे सलाईन घेत पडलेय आणि इकडे तू करपलेल्या कढईजवळ उभी राहून लिहिते आहेस. त्या घरात दोन लेखिका होत्या आणि मला वाटायचं, एकच.

पण एका गोष्टीसाठी तुला रागवायचंय. मग पुढे का नाही लिहिलंस? माझी भीती समजते, पण सदर माझं असलं तरी अंकात इतर पानं होती की! कुठल्याही नावाने एखादा लेख पाठवायचा होतास. त्याच्या पुढच्या वर्षी तर साप्ताहिकाकडे आलेले बाहेरचे लेख निवडायचं कामही माझ्याकडेच होतं, दर सोमवारी गठ्ठा घरी यायचा. तुझा एक लेख जरी त्यात आला असता तर मी लाखात ओळखला असता. वरच्यावर झेलला असता! संधी घरात चालून येत होती आणि तू शिवण शिवत बसलीस.

नाव तुझं लागणार. लवकर उत्तर दे.

बोरू


३० ऑगस्ट

वहिनी,

हे तिसरं कार्ड. दोन महिने झाले. फोन शेजारीण उचलते आणि म्हणते, ‘त्या बऱ्या आहेत, पण बोलायचं नाही म्हणतात.’ माझं काही चुकलं का? माझ्या जिभेला हाड नाही हे तुला तीस वर्षं माहीत आहे. दोन ओळी लिही.

बोरू


८ सप्टेंबर

प्रिय बोरू,

तुला उत्तर लिहिलं आणि फाडलं, असं चार वेळा झालं. सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण तू ‘झेलला असता’ असं लिहिलंस आणि ते मला काही केल्या गिळता येईना.

मी पाठवला होता एक लेख.

तू बरी होऊन वर्ष झालं होतं. तुझं सदर आता पक्कं होतं, तेव्हा म्हटलं, बघू. आमच्या मावशीच्या नावाने आणि तिच्याच पत्त्यावरून पाठवला. ह्यांनी टाइप करून दिला. आईच्या जुन्या ट्रंकेविषयी होता. आई गेल्यावर आम्ही तिघी बहिणींनी ती उघडली, त्यात आम्हा तिघींची बाळपणीची झबली निघाली, आणि कोणतं कोणाचं हे सांगणारं माणूस आता राहिलं नव्हतं. तीन महिने लिहीत होते.

सोमवारी गठ्ठा आला. मंगळवारी सकाळी तू खाटेवर पाय पसरून वाचत बसली होतीस. मी चहा घेऊन आले तर तुझ्या हातात माझा कागद. मी दारातच उभी राहिले. तू दोनदा जांभई दिलीस. दुसरं पान उलटलंस की नाही, ते मला नीट दिसलं नाही. मग पेन घेऊन वरच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलंस, कागद बाजूला ठेवलास आणि म्हणालीस, ‘वहिनी, चहात साखर कमी आहे गं.’

मी साखर आणून घातली.

दहा दिवसांनी मावशीकडून पाकीट आलं. कोपऱ्यात तुझं अक्षर: ‘विषय घरगुती. मांडणी कच्ची. लेखिकेने अजून पुष्कळ वाचन करायला हवं.’

मला राग आला नाही, खरंच. तू शिकलेली, रोज त्याच कामात. तुला कळणार नाही तर कोणाला? तू सांगितलंस तसं मी केलं. पुढच्याच आठवड्यात वाचनालयाची वर्गणी भरली. तुला आठवत असेल, मी दर शनिवारी दोन पुस्तकं आणायची. तू म्हणायचीस, ‘वहिनीला बरा छंद लागलाय.’ छंद नव्हता तो. आधी पुरेसं वाचून होऊ दे, मग लिहू, असं म्हणत राहिले. पुरेसं कधी झालंच नाही. आणि मग ती सवयच राहिली.

हे तुला टोचायला लिहीत नाही. पण माझ्याकडे संधी चालून आली आणि मी शिवण शिवत बसले, हे तेवढं खरं नाही.

वहिनी


२ ऑक्टोबर

वहिनी,

क्षमा मागायची तर कोणत्या तोंडाने, हे ठरवण्यात इतके दिवस गेले.

सगळ्यात वाईट हे, की मला आठवत नाही. ट्रंक आठवत नाही, झबली आठवत नाहीत. साखर आठवत नाही. मी डोळे मिटून बसले, खाट दिसली, खिडकी दिसली, गठ्ठ्याची सुतळी दिसली. तुझा कागद दिसला नाही. तुझं तीस वर्षांचं ओझं, आणि माझ्या लेखी तो एक मंगळवार.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. ही मी कोणाला सांगितलेली नाही. त्या गठ्ठ्यात वीस-पंचवीस लेख असत. बहुतेक सुमार, त्यांची भीती नसायची. पण कधीमधी एखादा खरा चांगला निघायचा, आणि मला वाटायचं, ह्या बाईला घेतलं तर उद्या संपादक म्हणतील, सदर हिलाच देऊ या. नोकरी असलेल्यांना ही भीती कळायची नाही. माझं काम दर आठवड्याला नव्याने टिकत होतं. असे काही लेख मी पुढे पाठवले, माझ्याकडून तेवढा प्रामाणिकपणा झाला. काही पाठवले नाहीत. ‘मांडणी कच्ची’ हा माझा ठरलेला शेरा होता. खरोखर कच्च्यावरही तोच, आणि दुसऱ्यावरही तोच.

तुझा लेख मी कच्चा वाटला म्हणून परत केला की चांगला वाटला म्हणून, हे आता मलाही सांगता येणार नाही. तो लेख तुझ्याकडे आहे का? असला तर पाठव. नसला तर नसू दे, माझा हक्क नाही.

प्रकाशिकेला मी सगळं सांगितलं. पेनाचा शेरासुद्धा. ती म्हणाली, निर्णय त्यांचा. सात लेख तुझ्या नावाने, वेगळ्या भागात घ्यायचे, की गाळायचे, की पुस्तकच थांबवायचं, तू म्हणशील ते. मनापासून लिहिते आहे. कच्ची मुद्रितं तयार होत आहेत. तू बोलावलंस तर ती घेऊन मी स्वतः येईन. नाही बोलावलंस तरी समजेन.

बोरू


१९ नोव्हेंबर

प्रिय बोरू,

तुझं पत्र वाचून आधी फार राग आला. तीस वर्षांत पहिल्यांदा आला, त्यामुळे त्याचं काय करायचं हे मला कळेना. दोन दिवस भांडी आपटली. शेजारीण विचारायला आली, काही पडलं का म्हणून.

मग तिसऱ्या दिवशी मजाच झाली. सकाळी उठले तर हलकं वाटत होतं. मी इतकी वर्षं कच्ची होते असं धरून चालले होते. आता निदान शंका तरी आहे! ही शंका तू मला दिलीस, आणि ती द्यायला तुला स्वतःला उघडं करावं लागलं. तू ते लपवू शकली असतीस. मला कुठून कळणार होतं?

तेव्हा क्षमा वगैरे आपण दोघींनी पुरे करू. माझीही एक शपथ होतीच, तिने तुला तीस वर्षं खोट्यात ठेवलं.

पुस्तक थांबवायचं नाही. सात लेख घे, वेगळा भाग कर, नाव माझं घाल. मावशीचं नको, सासरचंही पुढे शेपटासारखं लांबवू नको. मला हाक मारतात तेवढं पुरे. पाचवा लेख मात्र गाळ. तो मी परवा वाचला. खरंच कच्चा आहे, आणि हे मी आता कोणाचं ऐकून म्हणत नाही.

ट्रंकेचा लेख माझ्याकडे नाही. परत आला त्याच दिवशी चुलीत गेला. महिन्याभरापूर्वी आठवून लिहू म्हणून बसले, पण त्यातली बाई आता मला सापडेना. तिच्या जागी एक म्हातारी आली आणि ती भलतंच बोलायला लागली. म्हटलं, बोल बाई. बत्तीस पानं झाली आहेत. रोज तीन-चार होतात, कधी एकच. खिडकीपाशी एक टेबल घेतलं आहे.

तू मुद्रितं घेऊन अवश्य ये, आठवडाभर राहायलाच ये. खोली झाडून ठेवली आहे. फक्त सकाळी अकराच्या आत दार वाजवू नकोस. मी कामात असते.

वहिनी